ज्वारीचा दाणा माणसाला, कडबा बैलाला: दोन्ही ग्लुकोजच, मग असं का?

निगडीची_निशा
मंडळी, मी कॉमर्सवाली, बँकेत नोकरी करते. रसायनशास्त्राशी शेवटचा संबंध दहावीत आला होता, त्यामुळे जरा सांभाळून घ्या.
मे महिन्यात मंगळवेढ्याकडे दिरांच्या शेतावर गेलो होतो. लेक आता अकरावीत जाणार, क्लास आधीच सुरू झालाय. ओट्यावर जेवायला बसलो होतो, समोर बैल कडबा खात होते. ही एका हातात भाकरी धरून म्हणाली, "आई, स्टार्च ग्लुकोजचा बनतो आणि सेल्युलोजपण ग्लुकोजचाच. मग काकांनी आपल्याला दाणा आणि बैलाला ताट (ज्वारीचं धांडं) का दिलं? आपण कडबा खाल्ला तर?" मी म्हटलं, दात पडतील. ती म्हणाली, "दळून भाकरी केली तर?"
क्लासच्या सरांनी म्हणे एका वाक्यात उत्तर दिलं: माणसात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम (पचन घडवणारं विकर) नसतं. हिचं समाधान झालेलं नाही. ग्लुकोज तोडायचं एन्झाइम आहे, समोर ग्लुकोजच आहे, मग अडतं कुठे? कुणीतरी मला कळेल अशा भाषेत सांगा, म्हणजे मी तिला सांगेन.

खवचट_खान
कडब्याबरोबर ठेचा चांगला लागत नाही म्हणून.

टेस्टट्यूब
लेकीचा प्रश्न फार चांगला आहे. सरांचं उत्तर चूक नाही, पण ते दारापर्यंत नेऊन सोडतं.
आधी नावापासून. कर्बोदक म्हणजे कर्ब अधिक उदक. जुन्या रसायनशास्त्रज्ञांना या पदार्थांच्या सूत्रात एका कार्बनमागे एक पाणी असा हिशेब दिसला, म्हणून त्यांनी हे नाव ठेवलं. ग्लुकोजमध्ये ६ कार्बन, १२ हायड्रोजन, ६ ऑक्सिजन. म्हणजे सहा कार्बन आणि सहा पाणी. पण आत पाणी असं काही भरलेलं नसतं. आणि नुसत्या हिशेबावर गेलात तर फसाल. व्हिनेगरमधलं ॲसेटिक आम्ल त्या सूत्रात चपखल बसतं, पण ते कर्बोदक नाही. उलट डीएनएमधली डीऑक्सिरायबोज ही साखर एक ऑक्सिजन कमी असल्यामुळे सूत्रात बसत नाही, तरी ती कर्बोदकच.
आता मुद्दा. ग्लुकोजचा रेणू पाण्यात बहुतेक वेळ कड्यासारखा मिटलेला असतो. कड्यात पाच कार्बन आणि एक ऑक्सिजन. सहावा कार्बन बाहेर लोंबतो. पहिल्या कार्बनवर एक ऑक्सिजन-हायड्रोजनची जोडी असते. ती कड्याच्या खालच्या बाजूला असली की अल्फा, वरच्या बाजूला असली की बीटा. बाकी रेणू तंतोतंत तोच. सुट्टं ग्लुकोज पाण्यात टाकलं की कडं उघडतं, पुन्हा मिटतं, खालचं वर होतं, वरचं खाली. शेवटी साधारण ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असं स्थिरावतं.
पण एका कड्याचा पहिला कार्बन पुढच्या कड्याच्या चौथ्या कार्बनला जोडला गेला (जोडताना पाण्याचा एक रेणू बाहेर पडतो), की मग वर ते वर आणि खाली ते खालीच. दाण्यातल्या स्टार्चमध्ये सगळे जोड अल्फा, ताटातल्या सेल्युलोजमध्ये सगळे बीटा. माल एकच, गाठ वेगळी.

निगडीची_निशा
धन्यवाद टेस्टट्यूब. पण खरं सांगू? एवढंसं वरखाली झालं म्हणून एकाची भाकरी आणि दुसऱ्याचा कडबा, हे पचत नाहीये. (शब्दखेळ मुद्दाम केला नाही.)

बुडखा_शेंडा
ताई, तुमच्या दिरांकडे कडब्याची गंज बघितली असेल. आम्ही गंज रचतो तेव्हा पेंढी उलटसुलट टाकतो. एका पेंढीचा बुडखा इकडं, तर पुढच्या पेंढीचा तिकडं. कारण पेंढी बुडख्याला जाड आणि शेंड्याला बारीक. सगळे बुडखे एका अंगाला आले तर रास एका अंगाला उंच होत जाते आणि गंज कलंडते. आमच्याकडं एकदा नवख्या पोरानं रचली होती. चार थर झाल्यावर अशी वळली, की कुत्र्याच्या शेपटासारखी. उलटसुलट टाकली की सरळसोट उभी राहते, पावसाचं पाणीपण आत शिरत नाही.
तुमचं ते अल्फा-बीटा मला काय कळत नाही, पण एक माल दोन रीतीनं रचला तर दोन वस्तू होतात, हे मी रोज बघतो.

टेस्टट्यूब
बुडखा_शेंडा, साष्टांग दंडवत. वीस वर्षं शिकवतोय, ही उपमा सुचली नव्हती. हे उपमेच्याही पुढचं आहे, जवळजवळ तसंच घडतं.
अल्फा जोडात प्रत्येक कडं आधीच्यासारखंच, एकाच अंगाला झुकलेलं. म्हणून माळ वळत जाते आणि तिचा पिळदार जिना होतो. एका वेढ्यात साधारण सहा ग्लुकोज. बीटा जोडात प्रत्येक पुढचं कडं आधीच्याच्या उलटं, पेंढीसारखं. म्हणून माळ सरळ पट्टीसारखी राहते. अशा पट्ट्या शेजारी शेजारी लागल्या की एकमेकींना हायड्रोजन बंधांनी घट्ट धरतात आणि पाण्यालाही आत वाट राहत नाही. कापूस म्हणजे ९० टक्क्यांच्या वर सेल्युलोज. सदरा धुतला की विरघळत नाही तो याच कारणानं.
स्टार्चचा जिना सैल असतो. त्यातही दोन प्रकार: एक बिनफांद्यांचा, अमायलोज, दुसरा दर २४ ते ३० ग्लुकोजमागे फांदी फुटलेला, अमायलोपेक्टिन. साध्या दाण्यात दुसऱ्याचाच भरणा जास्त, तीन चतुर्थांशाच्या आसपास.
आता एन्झाइम. एमिल फिशर या जर्मन शास्त्रज्ञानं १८९४ साली हाच खेळ करून पाहिला होता. त्यानं ग्लुकोजचे दोन अगदी साधे पदार्थ घेतले, फरक फक्त अल्फा आणि बीटाचा. यीस्टमधून काढलेलं एन्झाइम अल्फाला तोडायचं, बीटाला शिवायचंही नाही. बदामातलं एन्झाइम नेमकं उलट. तेव्हा तो म्हणाला, एन्झाइम आणि पदार्थ यांचं नातं कुलूप-किल्लीसारखं आहे. ती जगप्रसिद्ध उपमा नेमकी तुमच्या लेकीच्या प्रश्नातून आली. फिशरला १९०२ साली नोबेल मिळालं, साखरा आणि प्युरीन यांच्या कामासाठी.
एन्झाइम ग्लुकोज 'ओळखत' नाही, ते गाठीचा आकार ओळखतं. आपल्या लाळेतलं अमायलेज अल्फा गाठीच्या खाचेत बसतं. बीटाची गाठ त्याच्या हाती लागतच नाही. दळून बारीक केलं तरी गाठ तीच. त्यामुळे कडब्याच्या पिठाची भाकरी होईल, पण तशीच दुसऱ्या दिवशी बाहेर पडेल.

खवचट_खान
वाचनखूण साठवली. शेवटचं वाक्य सोडून.

गोठ्यातला
पशुवैद्य आहे, म्हणून एक दुरुस्ती. सगळे धरून चाललेत की बैलाकडे ते एन्झाइम असतं. बैलाकडेही नसतं! गाय, म्हैस, बैल, शेळी, कुणाच्याच शरीरात सेल्युलोज तोडणारं एन्झाइम तयार होत नाही. त्यांनी फक्त भाडेकरू ठेवलेत. मोठ्या जनावराचं रुमेन, म्हणजे पोटाचा पहिला कप्पा, शंभर लिटरच्या वर मावेल एवढा. त्यात जिवाणू, आदिजीव, बुरशी. गाठ तेच सोडवतात.
आणि भाडं कसलं? ग्लुकोज नव्हे. सुटलेलं ग्लुकोज हे जीव स्वतःच गट्ट करतात आणि टाकाऊ म्हणून ॲसेटिक, प्रोपिऑनिक, ब्युटिरिक अशी आम्लं सोडतात. जनावर त्या आम्लांवर जगतं. रक्तात लागणारं ग्लुकोज ते आपल्या यकृतात पुन्हा घडवतं, मुख्यतः प्रोपिऑनिकपासून. म्हणजे ग्लुकोजच्या डोंगरावर बसूनही बैलाला ग्लुकोज स्वतः करून घ्यावं लागतं. वर ढेकरेतून मिथेन जातो तो वेगळा.
दुसरं, कडबा म्हणजे नुसतं ग्लुकोज नाही. सेल्युलोज साधारण एक तृतीयांशाच्या आसपास धरा. बरोबर हेमिसेल्युलोज, त्यात झायलोजसारख्या पाच कार्बनी साखरा. आणि लिग्निन, जे कर्बोदकच नाही. ते सिमेंटसारखं मध्ये भरलेलं. ताट जून झालं की लिग्निन वाढतं आणि मग भाडेकरूही हात टेकतात. म्हणून जून कडबा जनावर अर्धा टाकून देतं.
लेकीला उलटा प्रश्नही विचारा: बैलाला कडब्याऐवजी पोटभर दाणाच दिला तर? माझ्याकडे दरवर्षी खळ्याच्या दिवसांत असं एखादं जनावर येतंच. रात्री दावं तुटलं, राशीत तोंड घातलं, सकाळी आडवं. स्टार्च रुमेनमध्ये झपाट्यानं आंबतो, लॅक्टिक आम्ल साठतं, आंबलेल्या पोटात भाडेकरू मरतात. वेळेवर कळवलं नाही तर जनावरही जातं. लोक म्हणतात, "डॉक्टर, खाल्लं तर चांगलंच ना, मरायला काय झालं!"

बुडखा_शेंडा
डॉक्टर, किरळ पण सांगा. आमच्यात कोवळी ज्वारी जनावराला सोडत नाहीत. पावसाचा ताण पडला की पोंगे खाऊन जनावर अर्ध्या तासात तडफडतं.

गोठ्यातला
बरोबर आठवण केलीत, आणि ते या धाग्याला अगदी लागू आहे. कोवळ्या ज्वारीत धुरिन नावाचा पदार्थ असतो. त्यात एक ग्लुकोज, बीटा गाठीनं, एका विषारी तुकड्याला बांधलेलं असतं. बांधलेलं असेपर्यंत झाडाला त्रास नाही. जनावरानं पान चावलं की पानातलंच एक एन्झाइम, जे एरवी वेगळ्या कप्प्यात असतं, धुरिनला भेटतं, ग्लुकोज सुटतं आणि मागे हायड्रोजन सायनाइड उरतो. इथे ग्लुकोज अन्न नाही, विषाच्या बाटलीचं बूच आहे. कोवळ्या आणि ताणातल्या पिकात ते जास्त, पीक पक्व होत जातं तसं कमी. जनावराला असं झालं तर घरगुती उपायांत वेळ घालवू नका, लगेच डॉक्टर बोलवा.

उतारा_साडेअकरा
साखर कारखान्यात लॅब केमिस्ट आहे. ज्वारीवर एवढी चर्चा आणि उसाचं नाव नाही, म्हणून राहवलं नाही.
आमच्याकडे तर एकाच कांडक्यात दोन्ही. रसात सुक्रोज (म्हणजे आपली साखर), बगॅसमध्ये (उसाच्या चोथ्यात) सेल्युलोज. सुक्रोज म्हणजे एक ग्लुकोज आणि एक फ्रुक्टोज, पण दोघांची तोंडं एकमेकांना बांधलेली. ग्लुकोजचं कडं जिथून उघडतं ते टोकच गाठीत अडकलं, त्यामुळे सुक्रोज मुकाट बसतं, वाटेत कुणाशी भांडत नाही. म्हणूनच झाडं पानात तयार झालेली साखर खोडाकडे पाठवताना सुक्रोजच्या रूपात पाठवतात. ग्लुकोज मात्र उघडतं आणि प्रथिनांना चिकटतं. (एचबीएवनसी तपासणी म्हणजे हीच गोष्ट: हिमोग्लोबिनला किती ग्लुकोज चिकटलं ते मोजायचं. तांबडी पेशी सुमारे १२० दिवस जगते, म्हणून तीन महिन्यांचा हिशेब लागतो.)
आता आमचं रडगाणं. ऊस तोडला की घड्याळ सुरू. ट्रॉली यार्डात उन्हात उभी राहिली की उसातलंच इन्व्हर्टेज हे एन्झाइम सुक्रोजची गाठ सोडू लागतं, जिवाणू मदतीला येतात. सुटलेल्या ग्लुकोज-फ्रुक्टोजची दाणेदार साखर होत नाही, ते मळीत जातं. ऊस वाळून वजन काट्यावर शेतकऱ्याला कमी भरतं, आमचा उतारा (उसातून निघणाऱ्या साखरेचं प्रमाण) घसरतो, आणि दोघं एकमेकांकडे संशयानं बघतात. मी एका हंगामात तीन दिवस पडून राहिलेल्या उसाचा रस तपासला होता. पोलॅरिमीटरमधलं रीडिंग पाहून चीफ केमिस्टनी मला पुन्हा नळी धुवायला लावली. नळी स्वच्छच होती.
पोलॅरिमीटर म्हणजे साखरेच्या द्रावणातून जाताना ध्रुवित प्रकाशाची (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या प्रकाशाची) पातळी किती वळते ते मोजायचं यंत्र. सुक्रोज प्रकाश उजवीकडे वळवतं, अधिक ६६.५ अंश. गाठ सुटली की मिश्रण डावीकडे वळवतं, उणे २० च्या आसपास. दिशा उलटली म्हणून त्याला इन्व्हर्ट म्हणतात. घरी पाकात लिंबू पिळता ना? तेच. आम्लानं थोडं सुक्रोज फुटतं आणि पाक दाणे धरत नाही. तुम्ही जे हौसेनं करता, त्यासाठी आम्हाला मेमो मिळतो.

सुगरण_नव्हे
हे पाकाचं कळलं, आता भाकरीचं सांगा. सासूबाई ज्वारीच्या पिठात आधणाचं पाणी घालतात, पोळीच्या कणकेत नाही. मी एकदा गार पाण्यात भिजवली. थापतानाच कडा फाटल्या, उचलली तर अर्धी परातीत अर्धी हातात. "पिठाला विरी नाही" म्हणून पिठाच्या गिरणीवाल्याला शिव्या घातल्या, बिचाऱ्याचा दोष नव्हता.

टेस्टट्यूब
गव्हात ग्लुटेन असतं, ते जाळं धरून ठेवतं. ज्वारीत ते नाही, म्हणून धरायचं काम स्टार्चलाच करावं लागतं. गार पाण्यात स्टार्चचे कण वाळूसारखे पडून राहतात. साधारण ७० अंशांच्या आसपास गेले की पाणी पिऊन फुगतात, आतले जिने सुटे होऊन बाहेर येतात आणि खळ तयार होते. आधण म्हणजे पिठातच थोडी खळ करून घेणं.
गार झाल्यावर हेच सुटे जिने पुन्हा एकमेकांना चिकटून आवळतात. शिळी भाकरी कडक होते ती नुसती वाळून नाही. फ्रिजमध्ये हे आणखी वेगानं होतं, म्हणून भाकरी फडक्यात गुंडाळून बाहेर ठेवलेली बरी. असा आवळलेला थोडा स्टार्च मग लहान आतड्यातही पचायला नकार देतो आणि मोठ्या आतड्यातल्या जिवाणूंच्या वाट्याला जातो. म्हणजे थोडेसे भाडेकरू आपल्याकडेही आहेत, पण बैलासारखा संसार चालवण्याइतके नाहीत.

निवृत्त_नाना
मला मधुमेह आहे. भाकरी खाल्ली की साखर वाढत नाही, असं आमच्या कट्ट्यावर सगळे सांगतात. मी आता जेवताना तीन खातो. बरोबर ना?

टेस्टट्यूब
नाना, नाही. शंभर ग्रॅम ज्वारीत साधारण ७० ग्रॅम कर्बोदकं. गाठी अल्फाच, म्हणजे सुटणार आणि शेवटी ग्लुकोजच होणार. तंतुमय भाग आणि प्रथिनं असल्यामुळे मैद्यापेक्षा सावकाश सुटतील, पण तीन त्या तीनच. किती खायची ते तुमच्या डॉक्टरांना विचारा, कट्ट्याला नको.
एक हिशेब करून बघा. रक्त सुमारे ५ लिटर, साखर १०० मिलीग्रॅम दर १०० मिलिलिटरला. म्हणजे सगळ्या रक्तात मिळून ग्लुकोज किती? ५ ग्रॅम. चहाचा एक चमचा! मेंदूला एकट्याला दिवसाला १२० ग्रॅमच्या आसपास लागतं. म्हणजे त्या चमच्यात शरीर सतत भरतंय आणि काढतंय. जास्तीचं यकृतात ग्लायकोजेन म्हणून ठेवतं, साधारण १०० ग्रॅम, आणि स्नायूंत सुमारे ४०० ग्रॅम. ग्लायकोजेनही अल्फा गाठीचंच, पण दर ८ ते १२ ग्लुकोजमागे फांदी, म्हणजे एकाच वेळी शेकडो टोकांवरून तोडता येतं. सुट्टं ग्लुकोज का नाही ठेवत? तेवढं सुट्टं ठेवलं तर पेशी पाणी ओढून फुटेल. इन्सुलिन या भरण्याच्या बाजूला उभं असतं. ते कमी पडलं की चमचा उतू जातो.

निवृत्त_नाना
एक चमचा. बरं. उद्यापासून दोन.

रक्तपेढीवाली
अवांतराबद्दल क्षमस्व, पण सगळे खाण्यातच अडकलेत. साखर ओळखपत्रसुद्धा असते. तांबड्या पेशीवर साखरांच्या छोट्या साखळ्या असतात. टोकाला गॅलॅक्टोज असेल तर बी गट. त्याच जागी गॅलॅक्टोजचाच जरा बदललेला भाऊ, एन-ॲसिटिल गॅलॅक्टोसमिन, असेल तर ए. दोन्ही असतील तर एबी, दोन्ही नसतील तर ओ. रक्त द्यायचं की नाही हे एका साखरेवर ठरतं.
आणि ओ गटातही खाली फ्युकोज नावाची एक साखर असते, जिच्या आधारावर बाकीच्या बसतात. काही जणांत तीच नसते. हा गट पहिल्यांदा १९५२ साली मुंबईत डॉ. य. म. भेंडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी जगासमोर मांडला, म्हणून नाव बॉम्बे ब्लड ग्रुप. साध्या तपासणीत हे लोक 'ओ' वाटतात, पण त्यांना ओचं रक्तही चालत नाही. माझ्या नोकरीत असा एकच माणूस पाहिला. त्याला बारा वर्षं सगळ्यांनी ओ म्हणूनच सांगितलं होतं. रात्री अडीचला क्रॉसमॅच (दात्याचं आणि रुग्णाचं रक्त जुळतं का ते बघायची चाचणी) जुळेना तेव्हा कळलं. तो फोनवर म्हणाला, "मॅडम, एक साखर कमी आहे म्हणून एवढं?"

निगडीची_निशा
सगळ्यांचे मनापासून आभार. लेकीनं सगळा धागा वाचला आणि काल स्वयंपाकघराची प्रयोगशाळा केली.
ज्वारीच्या पिठाची पातळ खळ शिजवून, कोमट करून दोन वाट्यांत घेतली. एका वाटीत चक्क थुंकली. पंधरा मिनिटं थांबून दोन्हीत बीटाडीनचे (म्हणजे आयोडीनचे; ते स्टार्चच्या जिन्यात शिरलं की निळं दिसतं) दोन-दोन थेंब टाकले. पहिल्यांदा दोन्हीकडे रंग आला आणि लगेच गेला. आम्ही तोंडाकडे बघत बसलो. मग लक्षात आलं की चमचा लिंबाच्या सरबतातला होता. तिनंच शोधून सांगितलं की क जीवनसत्त्व आयोडीनचा रंग घालवतं. चमचा बदलून पुन्हा केलं. साधी वाटी शाईसारखी निळीकाळी झाली. थुंकलेली वाटी नुसती तपकिरी, आणि खळ पाण्यासारखी पातळ. कापसाच्या बोळ्यावर थेंब टाकला तर तोही तपकिरीच राहिला. ती म्हणाली, "जिनाच नाही, आयोडीन शिरणार कुठे?" थुंकलेला बोळा एका बशीत तसाच ठेवलाय, आठवड्यानं बघणार म्हणते. मी बशी टाकायला लागले तर ओरडली.
आता तिचा पुढचा प्रश्न: दाण्यात सगळा स्टार्चच, तर मग हुरडा गोड का लागतो?

बुडखा_शेंडा
दाणा दुधात असतो तोवर त्याच्यात साखरच येत असते, ताई. ती जिन्यात रचायची राहिलेली असते, टेस्टट्यूब सर म्हणतील तसं. चार-आठ दिवस जास्त झाले की दाणा टणक आणि गोडी गेली. म्हणून कणीस दाबून बघायचं, दूध निघालं की लगेच आर पेटवायचा. पौषात या सगळे. लेकीला म्हणावं आयोडीन घेऊन ये, कोवळ्या दाण्यावर एक थेंब आणि जून दाण्यावर एक थेंब टाकू. लिंबू आणू नको.

खवचट_खान
पत्ता खासगी निरोपात कळवा. ठेचा मी आणतो.